शेड नको, चाऱ्याचं लेखाशीर्ष मागा : गावच्या जनावर निवाऱ्यासाठी ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडून निधी कसा वाढवून घ्यावा

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या काही तरुणांचा आहे. गाव राष्ट्रीय महामार्गाला लागून. पडक्या कोंडवाड्याची डागडुजी करून ही मंडळी सोडून दिलेली आणि अपघातात सापडलेली ढोरं सांभाळतात. आज चाळीसेक जनावरं आहेत आणि लोकवर्गणी आटली आहे. ग्रामपंचायत म्हणते पैसा नाही, पंचायत समिती म्हणते अशी योजनाच नाही. निधी वाढवून मागायचा तर कोणाकडे आणि कसा, असं त्यांनी विचारलं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नोकरी केली. पश्चिम विदर्भ पाहिला आणि धानपट्टाही पाहिला. निवृत्तीनंतर अशाच छोट्या निवाऱ्यांच्या कामात आहे. त्या अनुभवातून मोकळेपणाने सांगतो.

सगळ्यात आधी, शेड मागू नका. निवाऱ्यासाठी गेलेले बहुतेक अर्ज मी पाहिले ते "शेड बांधून मिळावे" असेच. शेड मंजूर होणं तुलनेनं सोपं असतं, कारण बांधकामाचं अंदाजपत्रक होतं, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो. रोजच्या चाऱ्याला यातलं काहीच नसतं. म्हणून पत्र्याची शेडं उभी राहतात आणि एप्रिल-मे आला की त्याच शेडात जनावरं उपाशी बसतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली रिकाम्या गव्हाणीसमोर बसलेली गाय ज्यानं पाहिली आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. तुमची मागणी एकच असली पाहिजे. अंदाजपत्रकात दरवर्षी येणारं, चारा, पाणी, औषध आणि राखणदार यांच्यासाठीचं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं. एकदा लेखाशीर्ष उघडलं की पुढच्या वर्षी भांडण फक्त रकमेचं राहतं. ते नसेल तर दरवर्षी पहिल्यापासून हात जोडावे लागतात.

दुसरं, मदत म्हणून मागू नका. तुम्ही जे करता ते स्थानिक संस्थेचंच काम आहे आणि कायद्यात तसं लिहिलेलं आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत, त्यात चौथा विषय पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत तर पंधराव्या नोंदीत कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध असं स्पष्टच आहे. तालुक्याच्या नगरपंचायतीला किंवा नगरपरिषदेला जाब विचारायला ही नोंद पुरेशी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या ग्रामसूचीतही कोंडवाडे आहेत. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा गटविकास अधिकाऱ्याला फाईल पुढे सरकवायला आधार लागतो. तुम्ही तो हातात दिला तर तो माणूस तुमच्या विरोधात उभा राहत नाही.

कोंडवाड्याची मूळ रचना १८७१ च्या कायद्यातली आहे. वावरात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचं, मालकानं सात दिवसांत दंड आणि खावटी भरून सोडवून न्यायचं, नाही नेलं तर पोलिसांमार्फत नोटीस, आणखी सात दिवस थांबायचं आणि मग जाहीर लिलाव. या सगळ्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरली आहे : मालकाला जनावर परत हवं असतं. आज कोंडवाड्यात येतं ते मालकाला नको असलेलं जनावर. भाकड गाय, म्हातारा बैल, जर्सीचा गोऱ्हा. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडी कमी झाली. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि घरोघरचा कडबा संपला. मार्च २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे काम न करणाऱ्या बैलाला बाजार राहिला नाही. कायदा योग्य की अयोग्य यावर गावात मतं वेगळी असतील आणि त्या वादात तुम्ही पडू नका. पण जनावर आयुष्यभर पोसायचं असं राज्यानं ठरवलं असेल, तर त्या पोसण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून यायला हवा. तो आज कोण उचलतं? रात्री रस्त्यावर सोडून येणारा कर्जबाजारी शेतकरी, ज्याचं पीक खाल्लं जातं तो दुसरा शेतकरी, आणि तुमच्यासारखी पोरं. हा मुद्दा कोणत्याही पक्षाच्या माणसासमोर मांडता येतो.

आता ग्रामसभेत हमखास येणारा आक्षेप. कोणीतरी म्हातारा माणूस उठतो आणि म्हणतो, "माणसाईले दवाखाना भेटत नाही, अन् तुमी ढोराईसाठी पैसे मांगता?" त्याच्यावर चिडू नका. त्याचा राग खरा आहे. त्याला विचारा, काका, मागच्या हंगामात तुमच्या तुरीत रात्री काय शिरलं होतं? रोही (नीलगाय) आणि रानडुकरानं पीक खाल्लं तर वनविभागाकडे पंचनामा करून नुकसानभरपाई मागता येते. मोकाट गायी-गोऱ्ह्यांनी खाल्लं तर एक रुपया कोणी देत नाही. जागलीला जाणारा माणूस दोन्हींसाठी सारखाच जागतो. निवाऱ्याला दिलेला पैसा हा पीक राखायला दिलेला पैसा आहे, हे त्याला त्याच्याच धुऱ्यावरच्या उदाहरणानं पटतं. मी पाहिलेल्या ग्रामसभांत ठरावाला सर्वांत ठाम पाठिंबा प्राणिप्रेमींनी नाही, तर तूर आणि हरभरा गमावलेल्या शेतकऱ्यांनी दिला आहे. त्यांच्या पाच-सात सह्यांचे लेखी अर्ज, गट नंबर आणि पिकाच्या नावासह, ठरावाला जोडा.

महामार्गाचा मुद्दाही तुमच्याकडे आहे. पावसाळ्यात गोठ्यात चिखल आणि चिलटं असली की ढोरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस आणि तांबडा गोऱ्हा रात्री ट्रकच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसतात. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात महामार्गांवरची मोकाट गुरं हटवून निवाऱ्यात ठेवायला आणि तिथं चारा-पाणी, उपचार द्यायला सांगितलं आहे. हटवून नेणार कुठे, हा प्रश्न मग जिल्हाधिकाऱ्यांपासून ठाणेदारापर्यंत सगळ्यांसमोर येतो. तुमचा कोंडवाडा त्याचं उत्तर आहे. तुमच्या हद्दीत महामार्गावर झालेल्या जनावरांच्या अपघातांची नोंद पोलीस ठाण्याकडून मागा आणि अर्जाला जोडा.

एक गोष्ट मला फार जवळून माहीत आहे. १९६२ वर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. हे मोठं काम झालं आहे आणि त्या पथकांतली मुलं मनापासून राबतात. पण ती उपचार करून पुढच्या गावाला जातात. मागे राहतो मागचे पाय गेलेला बैल. त्याला सलाईन लागली, वेदनाशामक दिलं, पण त्याचं खरं औषध पुढचे पंधरा दिवस असतं. खाली हातभर जाडीचा कुटाराचा (मळणीनंतर उरलेल्या भुशाचा) किंवा तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) बिछाना लागतो. दर तीन-चार तासांनी चार माणसांनी मिळून कूस बदलावी लागते, नाहीतर खालच्या मांडीचं रक्त थांबतं, स्नायू मरतो आणि जखमा होऊन त्यात अळ्या पडतात. छातीवर बसतं करून मागून पोत्यांचा टेकू द्यावा लागतो, नाहीतर पोट फुगून जनावर जातं. पाण्याची बादली तोंडाशी धरावी लागते. हे सगळं कोणताही डॉक्टर भेटीत करू शकत नाही. इलाजाची सोय झाली आणि इलाजानंतर ठेवायची जागा झाली नाही, म्हणून उठू शकणारी ढोरं रस्त्याच्या कडेला मरतात. निधीच्या मागणीत "उपचारोत्तर देखभाल" हे शब्द जरूर घाला. पशुसंवर्धन विभागाला ते लगेच कळतात आणि तालुक्याचा पशुधन विकास अधिकारी त्यावर मनापासून शिफारस लिहितो.

आता आकडे. ज्या अर्जात आकडे नाहीत तो वाचला जात नाही. चाळीस मोठ्या जनावरांचा हिशेब मी इथं करून दाखवतो, भाव तुमच्या भागातले घाला.

एका मोठ्या देशी जनावराला दिवसाला सरासरी सहा किलो वाळला चारा धरा. चाळीस जनावरांना २४० किलो, वर्षाला ८७,६०० किलो, म्हणजे ८७६ क्विंटल. किलोला आठ रुपये भाव धरला तर एका जनावराचे दिवसाला ४८ रुपये आणि सगळ्यांचे वर्षाला ७ लाख ८०० रुपये. यात हिरवा चारा नाही, ढेप नाही, मीठ-खनिज मिश्रण नाही, औषध नाही, माणसाची मजुरी नाही. पाणी दर जनावरी पन्नास लिटर धरलं तर रोज २,००० लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. जागा दर जनावरी साडेतीन चौरस मीटर छताखाली आणि सात चौरस मीटर मोकळी, म्हणजे १४० अधिक २८० चौरस मीटर. हे एका पानावर मांडा. दुसऱ्या पानावर जनावरांची यादी. कानातला बारा आकडी बिल्ला, जात, अंदाजे वय, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला आणलं, काय आजार. बिल्ला असेल तर दवाखान्यातून मालकाचं नाव निघतं. काही जनावरांचे बिल्ले कापून कान फाटलेले दिसतील, तेही फोटोसह नोंदवा. यादीवर पशुधन विकास अधिकाऱ्याची सही आणि शिक्का घ्या.

या हिशेबात पैसा किती यापेक्षा तो कधी येतो हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि हे मी जीव तोडून सांगतो. सोयाबीनची मळणी ऑक्टोबरात होते. तेव्हा कितीतरी शेतकरी कुटार फुकट न्या म्हणतात, कारण त्यांना रब्बीसाठी वावर मोकळं करायचं असतं. कोणी पेटवूनही देतो. तुम्हाला खर्च येतो तो फक्त ट्रॉलीचा, भरणाऱ्या मजुरांचा आणि झाकायच्या ताडपत्रीचा. तुरीचं कुटार जानेवारी-फेब्रुवारीत येतं आणि ते ढोरं अधिक आवडीनं खातात. हरभरा आणि गव्हांडा मार्चमध्ये. भंडारा-गोंदियाकडं नोव्हेंबर-डिसेंबरात धानाचं तणस निघतं. हा काळ हातातून गेला की मे महिन्यात तोच चारा दुप्पट-तिप्पट भावानं घ्यावा लागतो. सरकारी पैसा मात्र बहुधा मार्चअखेर येतो. म्हणून "एकूण तरतुदीपैकी निम्मी रक्कम ऑक्टोबरमध्ये चारा साठवणुकीसाठी उपलब्ध व्हावी" ही ओळ ठरावातच हवी. या एका ओळीनं तुमचा वर्षाचा खर्च जेवढा खाली येईल तेवढा दुसऱ्या कशानंही येणार नाही.

पैसा कुठून येऊ शकतो ते पाहू. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, त्याचे ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित होते. महाराष्ट्रात त्याची वाटणी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी होती. अबंधित भाग अकराव्या अनुसूचीतल्या विषयांवर गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येतो, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. त्यामुळे तारेचं कुंपण, गव्हाणी, चारा साठवण्याचा चबुतरा, आजारी जनावरांसाठी वेगळा कप्पा हे त्यातून मागा. पाण्याचा हौद आणि नळजोडणी बंधित भागातल्या पाणीपुरवठ्याच्या कामाला जोडून मागता येते. राखणदाराची मजुरी आणि चारा मात्र ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून आणि जिल्हा परिषदेच्या सेसमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, मिळवायचा. "पैसा नाही" असं सांगितलं गेलं तर नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक पाहायला मागा आणि नमुना ८ वर महामार्गालगतचे ढाबे, पेट्रोल पंप, गोदामं यांची कर आकारणी झाली आहे का ते तपासा. महामार्गालगतच्या गावांत ही आकारणी अनेकदा वर्षानुवर्षं जुनीच असते. ती सुधारून वाढलेल्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा कोंडवाड्याला द्यावा, अशी मागणी सरपंचालाही सोयीची असते. गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी अनुसूचित क्षेत्रात) असेल, म्हणजे मेळघाट, गडचिरोली किंवा तुमच्याच जिल्ह्यातला काही भाग, तर पाच टक्के अबंध निधीबाबत ग्रामसभेचा शब्द मोठा असतो. बाजार समितीचा बैलबाजार जवळ भरत असेल तर तिच्याकडेही पाण्याची आणि चाऱ्याची मागणी नोंदवा. खरेदी-विक्री न झालेली म्हातारी ढोरं तिथंच सोडली जातात.

वेळापत्रक असं ठेवा. जून-जुलैत जनावरांची यादी आणि हिशेब तयार करा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडा, कारण २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम सुरू होते आणि आराखड्यात काम नसेल तर निधी असूनही खर्च करता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक बनतं, मार्चमध्ये जिल्हा परिषदेचं. फेब्रुवारीत धावाधाव करून काही हाती लागत नाही. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यापैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती तुम्ही आणा. सभेच्या आठ-दहा दिवस आधी विषय लेखी देऊन पोच घ्या, "ऐनवेळी येणाऱ्या विषयांत" टाकू देऊ नका.

ठरावाचा मसुदा असा चालतो, रिकाम्या जागा भरून घ्या :

"गावातील व महामार्गावरील बेवारस, मोकाट व जखमी जनावरांच्या संगोपनासाठी ग्रामपंचायतीच्या सन ____ च्या अंदाजपत्रकात 'कोंडवाडा व जनावर निवारा : चारा, पाणी, औषधोपचार, उपचारोत्तर देखभाल व राखण' असे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून त्यात रु. ____ ची तरतूद करण्यात यावी. सदर तरतूद दरवर्षी जनावरांच्या प्रत्यक्ष संख्येनुसार सुधारित करण्यात यावी. तरतुदीपैकी निम्मी रक्कम ऑक्टोबर महिन्यात चारा साठवणुकीसाठी उपलब्ध करून देण्यात यावी. उर्वरित गरजेसाठी जिल्हा परिषदेने स्वनिधीतून पूरक अनुदान द्यावे, अशी शिफारस पंचायत समितीमार्फत करण्यात यावी. कामकाजावर देखरेखीसाठी ग्रामस्थ, शेतकरी व पशुवैद्यकीय दवाखान्याचा प्रतिनिधी यांची समिती नेमण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर."

सूचक आणि अनुमोदक म्हणून एक शेतकरी आणि एक महिला सदस्य असू द्या. चारा-पाणी बायकाच पाहतात, त्यांना या खर्चाचा अंदाज पुरुषांपेक्षा नेमका असतो. शेजारच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी असाच ठराव करून तुमच्या कोंडवाड्याला वर्षाचा वाटा दिला तर उत्तम, कारण ढोरं त्यांचीही येतात. जिल्हा परिषदेतही एका गावाच्या मागणीपेक्षा पाच गावांच्या सामाईक निवाऱ्याची मागणी अधिक टिकते.

समितीवरून आठवलं. तुमच्या गटाची नोंदणी झालेली नसेल तर ग्रामपंचायत थेट तुम्हाला पैसे देऊ शकणार नाही, आणि देऊ नयेत. एक तर धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदणी करा, किंवा कोंडवाडा ग्रामपंचायतीचाच ठेवून तुम्ही देखरेख समितीत या. लहान गावासाठी मी दुसरा मार्ग सुचवतो. जबाबदारी कागदावर ग्रामपंचायतीची राहते, उद्या तुमच्यातली दोन पोरं पुण्याला नोकरीला गेली तरी जनावरं उघड्यावर पडत नाहीत.

जिल्हा पातळीवर तीन दारं आहेत. जिल्हा परिषदेची पशुसंवर्धन समिती, आणि जिथं प्रशासक आहे तिथं मुख्य कार्यकारी अधिकारी. सेस फंडातून निवाऱ्यांना पूरक अनुदान हा विषय तिथला. दुसरं, जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, तेव्हा आमदारांचं शिफारसपत्र आणि पाच गावांचे ठराव एकत्र जाऊ द्या. तिसरं दार बहुतेकांना माहीतच नसतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. ती तुमच्या जिल्ह्यात आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, तिच्या खात्यात किती रक्कम आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कोंडवाड्याच्या दंडाची आणि लिलावाची मागच्या पाच वर्षांची जमाही त्याच अर्जात नको, ग्रामपंचायतीकडे वेगळ्या अर्जात मागा.

नागपूर-हैदराबाद महामार्गावर पोलीस पकडलेली जनावरं तुमच्याकडे आणून सोडत असतील, तर तो खर्च मुकाट सोसू नका. २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असताना जप्त जनावरांच्या देखभालीचा खर्च आरोपी आणि मालकाकडून घेण्यासाठी न्यायदंडाधिकारी हमीपत्र लिहून घेऊ शकतात. पोलिसांकडून ताबा घेताना पंचनाम्यात संख्या, प्रकृती आणि दैनंदिन खर्चाचा दर नोंदवून घ्या आणि सरकारी वकिलामार्फत न्यायालयाकडे अर्ज द्या. खटले वर्षानुवर्षं चालतात. तोवर वीस जनावरं फुकट पोसणं कोणत्याही लोकवर्गणीला झेपत नाही.

राज्याच्या योजनेबद्दल तुम्ही ऐकलं असेल. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित करताना नोंदणीकृत गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर झालं. चांगली सुरुवात आहे. पण गोसेवा आयोगाकडे नोंदणी, तीन वर्षांचा अनुभव, किमान ५० गोवंश आणि सगळ्यांना बिल्ले या अटी आहेत. तुमची चाळीस जनावरं त्यात बसत नाहीत, आणि अनुदानासाठी संख्या फुगवण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका. शिवाय म्हैस, रेडा, गाढव, शेळी यांना त्यात जागा नाही. वर दाखवल्याप्रमाणे वाळल्या चाऱ्यातच ४८ रुपये जातात. म्हणून स्थानिक संस्थेकडे मागणी करताना हेच सांगा : राज्याच्या योजनेतून जी जनावरं आणि जो खर्च सुटतो, तो तुम्ही उचला.

आजारी जनावरांच्या वेगळ्या कप्प्यावर अडून बसा. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत बुलडाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांनी काय सोसलं ते आपण पाहिलं. तेव्हा राज्यानं मृत गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत दिली. महामार्गावरून कुठलंही जनावर तुमच्याकडे येणार असेल तर नवं जनावर आधी वेगळं ठेवायची जागा नसणं गावातल्या प्रत्येक गोठ्याला धोक्याचं आहे. हा मुद्दा मांडला की दूध घालणारी घरं तुमच्या बाजूनं उभी राहतात.

जागेबाबत एकच सावधगिरी. कोंडवाडा अपुरा पडला की ई-क्लास जमिनीचा विषय निघतो. ती जमीन सरकारची, वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. आधी तलाठ्याकडून सातबारा काढा. पूर्व विदर्भात जागेवर झुडपी जंगल अशी नोंद असेल तर हात लावू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालानं ती वनजमीन ठरते आणि तिथं केलेला खर्च अडकतो.

कुत्र्यांचं काम यात मिसळू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, पण केंद्राला प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते, शस्त्रक्रियेची खोली लागते, पिंजरे लागतात. ते तालुक्याला एक असंच होऊ शकतं. वेगळा ठराव करून पंचायत समितीकडे पाठवा. गावपातळीवर वर्षातून एकदा रेबीज लसीकरणाचा दिवस मात्र ग्रामपंचायतीच्या खर्चानं नक्की करता येतो, आणि शेळ्या पाळणाऱ्या घरांना तो हवाच असतो.

निधी मिळाला की एक वही कोंडवाड्याच्या दारातच टांगा. रोज आलेली जनावरं, गेलेली, मेलेली, आलेला चारा, संपलेला चारा. मेलेल्या जनावराची नोंद लपवू नका. शवविच्छेदनात पोटातून निघालेल्या प्लास्टिकचा फोटो तारखेसह लावला तर पुढच्या ग्रामसभेत कचऱ्याच्या विषयालाही जोर येतो. महिन्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. वर्षभर ही वही नीट राहिली तर दुसऱ्या वर्षी रक्कम वाढवून मागायला वेगळा अर्ज लिहायची गरज पडत नाही, वहीच्या बेरजा जोडल्या की झालं.

अर्ज नाकारला गेला तर नकार लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे अपील करता येत नाही. लेखी नकार घेऊन गटविकास अधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि महामार्गाचा भाग असल्यानं सोबत जिल्हाधिकारी, या क्रमानं जा. प्रत्येक पत्राची पोच ठेवा. आत्ता मात्र पहिलं काम यादीचं. चाळीस जनावरांचे बिल्ले तपासून, पशुधन विकास अधिकाऱ्याची सही घेऊन ती तयार झाली की हिशेबाचं पान आणि ठरावाचा मसुदा इथंच टाका, मी आकडे आणि शब्द तपासून देतो.